साबरमतीच्या पश्चिम तीरावर

इचलकरंजीच्या कापड व्यापाऱ्याला अहमदाबाद परके नसते. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी या गावात पहिला यंत्रमाग बसविला आणि पुढे गल्लोगल्ली मागांची खडखड सुरू झाली. परंतु येथे विणलेले कापड बहुतांशी कोरेच गावाबाहेर पडते. धुलाई, रंगाई आणि छपाईसाठी त्याला अहमदाबाद, जेतपूर, बालोतरा, पाली यांची वाट धरावी लागते. अशाच कोऱ्या कापडाची दोन पिढ्यांची पेढी सांभाळणाऱ्या एका ओसवाल कुटुंबातील कर्त्या पुरुषाने गेल्या पंचवीस वर्षांत अहमदाबादच्या कितीतरी खेपा केल्या. प्रत्येक खेप एकाच साच्यातली. सकाळी काळुपूर स्थानकावर उतरावे, धर्मशाळेत स्नान, देरासरात दर्शन, मग मस्कती मार्केट, दुपारी न्यू क्लॉथ मार्केट, आडत्याकडे जुन्या उधारीची आठवण, सूर्यास्तापूर्वी भोजन आणि रात्रीची परतीची गाडी. मुंबईकडून येणारी गाडी काळुपूरपर्यंत साबरमती ओलांडत नाही आणि बाजारही नदीच्या अलीकडेच आहे. त्यामुळे पंचवीस वर्षांत या गृहस्थाने ती नदी पुलावरून कधी ओलांडली नव्हती. ओलांडण्याचे कारणच पडले नव्हते.

यंदा ते पडले. घरातील थोरली मुलगी बारावीनंतर राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या प्रवेशपरीक्षेचे दोन्ही टप्पे उत्तीर्ण झाली आणि पालडी येथील मूळ संकुलात तिला जागा मिळाली. पालडी नदीच्या पश्चिमेस. निकालाच्या दिवशी घरात पेढे वाटले गेले खरे, पण रात्री आजोबांनी मुलाला बाजूला बोलावून विचारले, "चित्रं काढायला चार वर्षं? आणि तीही घराबाहेर?" या घराण्यातील एकही मुलगी शिक्षणासाठी कोल्हापूरच्या पलीकडे गेलेली नव्हती. कोल्हापूरच्याच एका महाविद्यालयात व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमाला तिचे नाव आधी लागलेले होते. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता आले असते. जागा हातची जाऊ नये म्हणून अहमदाबादची पहिली रक्कम भरली गेली, तथापि निर्णय झाला असे कोणी मानले नाही. आजोबांनी व्यापाऱ्याला शोभेल अशी अट घातली : "नमुना पाहिल्याशिवाय सौदा नाही. आधी सगळे जाऊन जागा बघून या."

मग बेत आखण्यास प्रारंभ झाला. पेढीतील एका जुन्या रोकडवहीची कोरी पाने त्यासाठी काढण्यात आली आणि ज्याने त्याने आपली यादी लिहावी असे ठरले. घराघरांतील अशा याद्या एकत्र ठेवून वाचल्या, तर त्यांत स्थळाविषयी थोडे आणि लिहिणाऱ्याच्या धास्तीविषयी अधिक सापडते. वडिलांच्या यादीत वसतिगृहाचा खर्च, चार वर्षांचे एकूण शुल्क आणि शेवटी मिळणारी नोकरी हे तीन आकडे होते. दादीच्या यादीत पालडीतील देरासर, उपाश्रय, आयंबिलाची सोय आणि सूर्यास्तापूर्वी भोजन मिळते की नाही. आईने एकच ओळ लिहिली होती : "ताप आला तर कोण बघणार?"

मुलीची यादी सर्वांत लांब होती. लाकडाची कार्यशाळा, हातमाग, ग्रंथालय, कॅलिको वस्त्रसंग्रहालय, लालभाई दलपतभाई संग्रहालयातील कल्पसूत्राची हस्तलिखिते. मग "विद्यार्थ्यांबरोबर दोन तास, घरच्यांशिवाय". आणि अगदी तळाशी, "पप्पांचे मार्केट".

शेवटून दुसरी ओळ वाचून वडिलांच्या कपाळावर आठी आली. शेवटची त्यांनी बहुधा वाचली नाही.

अशा भेटीच्या तयारीत एक गोष्ट हमखास राहून जाते, ती म्हणजे परवानगी. राष्ट्रीय डिझाइन संस्था हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे; फाटकावर जाऊन "जरा आत बघायचे आहे" म्हटल्याने कार्यशाळा उघडत नाहीत. मुलीने संस्थेला रीतसर पत्र लिहिले आणि सांगलीकडील एका वरच्या वर्गातील विद्यार्थिनीशी ओळखीतून संपर्क साधला. तिने सुचविले की, ऐन सुटीत येऊ नका, सुटीत आलात तर भिंती दिसतील, काम दिसणार नाही. काही विद्यार्थी प्रकल्पासाठी थांबलेले असतील असे दिवस निवडा. कॅलिको संग्रहालयाचेही तसेच. तेथे मोजक्याच लोकांना, आधी नोंदणी केल्यावर, मार्गदर्शकासोबत प्रवेश मिळतो. ही नोंदणी आधी आणि गाडीचे आरक्षण नंतर, असा क्रम मुलीने लावला. वडिलांना तो उलटा वाटला, पण शेवटी तोच योग्य ठरला.

पैशाचा विचारही त्याच वहीत झाला. घर सुखवस्तू असल्याने वडिलांचा कल रोख शुल्क भरण्याकडे होता. कर्ज हा शब्द व्यापारी घरांत केवळ पेढीसाठी राखून ठेवलेला असतो. वास्तविक भारतीय बँक संघाच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत पदरची रक्कम घालावी लागत नाही, देशांतर्गत शिक्षणासाठी त्यापुढे केवळ ५ टक्के घालावी लागते आणि साडेसात लाखांपर्यंत तारण मागितले जात नाही. परतफेड अभ्यासक्रम संपल्यानंतर एक वर्षाने सुरू होते. जुन्या करप्रणालीत राहणाऱ्यास व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते, हा लाभ निराळाच. खेळते भांडवल शुल्कात अडकवून पुढे पेढीसाठी अधिक दराने कॅश क्रेडिट उचलणारे व्यापारी काही कमी नाहीत. या कुटुंबात मुलीनेच "कर्ज माझ्या नावाने घ्या" असे सुचविले. पालकाला सहकर्जदार म्हणून सही करावी लागतेच, हे कळल्यावर वडील हसले आणि त्यांनी तो मुद्दा पुढे ढकलला.

कोल्हापूरहून अहमदाबादला थेट गाडी आठवड्यातून एकदाच असते. ती संग्रहालयाच्या नोंदणीशी जुळेना. दादीचा आग्रह पुण्याहून जाणाऱ्या अहिंसा एक्सप्रेसचा, केवळ नावासाठी. तीही रोज नसल्याने सोडावी लागली. अखेर मुंबईमार्गे चौघांची आरक्षणे झाली. आजोबा पेढीवर राहिले. दादीने नेहमीप्रमाणे खाखऱ्यांचे डबे बांधले आणि उकाळलेल्या पाण्यासाठी पितळी लोटा पिशवीत घातला. त्या लोट्यावरून घरात दर प्रवासात वाद होतो आणि दर प्रवासात लोटा जातोच.

यावेळी काळुपूरला उतरून रिक्षा प्रथमच पश्चिमेकडे वळली. जुने शहर मागे पडले. ज्या पोळांनी आणि लाकडी कोरीव घरांनी अहमदाबादला २०१७ साली जागतिक वारसा नगराचा मान मिळवून दिला, ते शहर हे. समोर नदी आली. १८९२ साली बांधलेला एलिस पूल आता दोन नव्या पुलांच्या मध्ये आपल्या पोलादी कमानी सांभाळत उभा आहे. त्याच्या दक्षिणेस २०२२ साली खुला झालेला पादचाऱ्यांचा अटल पूल दिसतो आणि दोन्ही काठ फरसबंद झालेले आहेत. दादीने नदीला हात जोडले. "एवढं पाणी?" वडिलांच्या तोंडून निघाले. हे पाणी पुष्कळसे नर्मदेच्या कालव्यातून येते, हे रिक्षावाल्याने पूल संपेपर्यंत सांगून टाकले.

पालडीत उतरल्यावर दादीची अर्धी यादी तासाभरात पुरी झाली. हा भाग जैन वस्तीचा. देरासराच्या घंटा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत ऐकू येतात. कंदमूळवर्जित डबा देणारे एक घर चौकशीअंती मिळाले. अडचण निराळीच निघाली. डबा सूर्यास्तापूर्वी येईल. पण मुलगी त्या वेळी वसतिगृहात असेल का? सांगलीच्या विद्यार्थिनीने स्पष्ट सांगितले की कार्यशाळेतील काम कित्येकदा संध्याकाळ उलटून जाते आणि मधेच हात धुऊन उठणे प्रत्येक वेळी जमत नाही. दादी काही बोलली नाही. मुलगी म्हणाली, "दादी, जमेल तेव्हा चौविहार, नाही जमलं त्या दिवशी दुपारनंतर काही नाही. ते माझं मी बघेन." हे उत्तर दादीला पटले की नाही ते कळले नाही, त्या रात्री तिने नेहमीपेक्षा अधिक वेळ माळ जपली.

दुसऱ्या दिवशी संस्था. फाटकाशी पोहोचण्याआधीच दोन इमारती लक्ष वेधतात. एक संस्कार केंद्र, ल कार्बुझिएने पन्नाशीच्या दशकात उभारलेले विटांचे संग्रहालय, खांबांवर उचललेले. दुसरे बाळकृष्ण दोशी यांचे टागोर सभागृह. दोशी पुण्याचे. संस्थेचा आरंभ संस्कार केंद्राच्याच वास्तूत झाला होता. १९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून अमेरिकेतील चार्ल्स आणि रे ईम्स हे दांपत्य देशभर हिंडले आणि त्यांनी एक अहवाल सादर केला. त्याच्या आधारे १९६१ साली ही संस्था स्थापन झाली. ती घडविण्यात गौतम साराभाई आणि त्यांची भगिनी गिरा साराभाई यांचा वाटा सर्वांत मोठा, आणि वास्तूची रचनाही त्यांचीच. कॅलिको गिरणीच्या मालकांची ही मुले. त्याच वर्षी याच शहरात व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्थाही उभी राहिली, विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने. दोन्ही घराणी जैन, दोन्ही कापडाच्या धंद्यातली. हा तपशील ऐकून वडिलांची चाल थोडी संथ झाली.

आत झाडी दाट आहे. मुख्य इमारत खांबांवर तोललेली असून खाली मोकळी सावली आहे. तेथे कोणी लाकूड तासत होते, कोणी मातीचे साचे वाळत घालीत होते, दोन मुले जमिनीवर कागद पसरून भांडत होती. वडिलांनी हलक्या आवाजात विचारले, "वर्ग कुठे आहेत?" सांगलीची मुलगी म्हणाली, "काका, हेच वर्ग." पहिले वर्ष सर्वांना सामाईक असते, त्यानंतर वस्त्र, मृत्तिका व काच, फर्निचर, उत्पादन, आलेखन, सजीवपट अशा शाखा, असे तिने सांगितले. वडिलांनी सहज म्हटले, "आमची तर वस्त्रच घेणार. पेढी आहे ना." त्यावर मुलीने मान खाली घातली आणि सांगितले की तिचे अजून ठरलेले नाही, कदाचित मातीकामही.

क्षणभर कोणीच बोलले नाही. चार वर्षांचा खर्च, दूरदेश, दादीची घालमेल, हे सारे वडिलांनी मनोमन पेढीच्या खात्यावर नावे टाकलेले होते. ते खातेच आता संशयात आले. अशा वेळी बाप रागावतो किंवा गप्प बसतो. हे गृहस्थ गप्प बसले आणि चालत राहिले.

कोंडी फुटली ती लोट्यामुळे. उन्हात दादीला तहान लागली, तिने पिशवीतून लोटा काढला आणि सांगलीची मुलगी खुदकन हसली. ती म्हणाली, ज्या अहवालावर ही संस्था उभी आहे त्यात या लोट्याचेच गुणगान आहे. त्या परदेशी दांपत्याने भारतात पाहिलेल्या वस्तूंमध्ये लोट्याला सर्वांत सुंदर मानले आणि तो असा का घडला याचे प्रश्न मांडले : कडेवर कसा बसतो, डोक्यावर कसा तोलतो, हाताला किती भरतो, पाणी कसे ओततो, आतून घासता येतो का, किंमत किती पडते, मोडीत किती येते. कोणा एकाने तो रचला नाही, पिढ्यांनी घडवला. दादीने लोटा हातात फिरवून पाहिला. "आमच्या सासूबाईंचा आहे," ती म्हणाली आणि पाणी प्यायली. मोडीचा उल्लेख ऐकून वडिलांनाही हसू आले. वस्तूची मोड किती येते हा प्रश्न शिकविणारी शाळा निदान हवेत तरंगणारी नसावी. १९७१ साली स्टेट बँकेने स्वीकारलेले निळ्या वर्तुळातील किल्लीच्या छिद्राचे चिन्ह याच संस्थेतील शेखर कामत यांनी केले, हेही त्यांना तेथेच कळले. त्या चिन्हाखाली त्यांनी आयुष्यभर भरणा केलेला होता.

हातमागाच्या खोलीत मात्र वडिलांनी सूत्रे हाती घेतली. मागावर चढविलेल्या पट्टीवर त्यांनी अंगठा फिरविला आणि तेथे बसलेल्या विद्यार्थ्याला इंचाला पिके किती, ते विचारले. विद्यार्थ्याने अचूक सांगितले आणि उलट विचारले की यंत्रमागावर हीच वीण काढली तर कुठे अडेल. वीस मिनिटे दोघे बोलत होते. आई दाराशी उभी राहून, तेथील आरोग्यसेवेची चौकशी करून आलेल्या मुलीकडून तिच्या एकुलत्या प्रश्नाचे उत्तर ऐकत होती.

मग मुलीचे दोन तास. वडिलांनी घड्याळ पाहिले, काही सूचना करण्यासाठी तोंड उघडले आणि आईने त्यांना कोपराने थांबविले. तिघे रिक्षाने जवळच्या कोचरब आश्रमात जाऊन बसले. दक्षिण आफ्रिकेहून परतल्यावर गांधीजींनी २५ मे १९१५ रोजी आपला भारतातील पहिला आश्रम या बंगल्यात सुरू केला. बाहेर वाहनांचा कोलाहल, आत चिमण्या. ठरल्यापेक्षा अर्धा तास उशिरा मुलगी परतली, बोटांना निळा रंग, आणि कोणाला काय सांगू अशा अवस्थेत. तिने काय पाहिले हे तिला कोणी विचारले नाही. जेवताना ती आपणच बोलू लागली आणि सूर्यास्ताची वेळ टळता टळता राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शाहीबागेतील कॅलिको संग्रहालय. १९४९ साली गौतम व गिरा साराभाई यांनी सुरू केलेल्या या संग्रहाविषयी लिहावे तितके थोडे. छायाचित्रास मनाई असल्याने डोळ्यांनीच पाहावे लागते, हे एका परीने बरेच. पटोळ्यापुढे मार्गदर्शकाने सांगितलेली आख्यायिका कुटुंबाने पुढे अनेकांना ऐकविली : राजा कुमारपाळ पूजेला रोज नवे पटोळे नेसून जाई, ती वस्त्रे जालन्याहून येत. तेथील राजा ती आधी स्वतः वापरून मगच पाठवितो असे कळल्यावर कुमारपाळाने साळवी विणकरांची सातशे कुटुंबे जालन्याहून पाटणला आणून वसविली. म्हणजे गुजरातच्या अभिमानाचे वस्त्र परंपरेनुसार मराठवाड्यातून गेलेले. लालभाई दलपतभाई संग्रहालयात कल्पसूत्राची पाने, लाल-निळ्या भूमीवरची सोनेरी अक्षरे आणि चेहऱ्याच्या रेषेबाहेर आलेले डोळे, हे मुलगी फार वेळ पाहत राहिली. मुनी पुण्यविजयजींनी आयुष्यभर जमविलेला ग्रंथसंग्रह या संस्थेचा पाया. दादीने प्रत्येक पानापुढे वंदन केल्याने तेथे ठरल्याहून दुप्पट वेळ गेला.

दिल्ली दरवाजाबाहेरील हठीसिंह देरासराचे दर्शन दादीच्या यादीतले शेवटचे. पंधरावे तीर्थंकर श्री धर्मनाथ भगवानांचे हे संगमरवरी मंदिर शेठ हठीसिंह केसरीसिंह यांनी बांधावयास घेतले; ते पुरे होण्यापूर्वीच त्यांचे निधन झाले आणि पत्नी हरकुंवर शेठाणी यांनी १८४८ मध्ये ते पूर्णत्वास नेले. त्या काळी एका विधवा स्त्रीने एवढे काम हिशेबासह तडीस नेले, हे दादीने नातीला दोनदा सांगितले. दुसऱ्यांदा सांगताना तिचे लक्ष मुलाकडे होते.

परतीची गाडी रात्रीची होती. दुपार मोकळी राहिली, तेव्हा मुलीने वहीचे पान पुढे केले आणि तळाच्या ओळीवर बोट ठेवले. वडील म्हणाले, तिथे बघण्यासारखे काही नाही, गर्दी आहे, उकाडा आहे. तरीही ते तिला घेऊन गेले. पुन्हा पूल, या वेळी पूर्वेकडे. मस्कती मार्केटच्या बोळांतून हातगाड्या चुकवीत दोघे आडत्याच्या गादीवर पोहोचले. पंचवीस वर्षांच्या संबंधातील आडत्याने मुलीला प्रथमच पाहिले; चहा आला, चौकशा झाल्या. डिझाइनच्या संस्थेत मुलगी जाणार हे ऐकून त्याने फळीवरून छापील कापडाचा एक तागा खाली ओढला आणि गादीवर उलगडला. "शेठ, ओळखा. तुमचाच माल."

वडिलांनी काठ उलटा करून पाहिला. वीण त्यांचीच होती, गेल्या हंगामातील. वर दाट हिरव्यावर पिवळ्या फुलांची नक्षी आली होती. आडत्याने भाव सांगितला. कोऱ्या कापडात मीटरला पैशांत राहणारी सुटण आणि हा भाव यांतील अंतर गादीवर बसलेल्या कोणालाही पाठ होते; त्यावर कधी चर्चा होत नसे.

"ही नक्षी कोणी केली?" मुलीने विचारले.

आडत्याला प्रश्न नीट कळला नाही. प्रोसेस हाउसवाल्याने केली, तो म्हणाला. त्याला कोणी दिली? कुठून तरी येतात, डिझाइनवाला असतो, संगणकावर करतो, नाव काय ठाऊक नाही. मुलगी फुलांच्या जोडांची जागा शोधत होती; एका ठिकाणी पाकळी तुटलेली होती आणि दर हातभर अंतरावर तीच पाकळी तशीच तुटत होती. तिने बोट ठेवून वडिलांना दाखविले. त्यांनी चष्मा काढून, कापड डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. मग त्यांनी तो तुकडा कापून मागितला आणि घडी करून खिशात ठेवला.

स्थानकावर आजोबांचा दूरध्वनी आला. नमुना कसा आहे, त्यांनी विचारले. वडील काही वेळ फलाटावर फिरत बोलत राहिले. गाडीच्या आवाजात बरेचसे ऐकू आले नाही. परत आल्यावर त्यांनी वही मागून घेतली, आपल्या यादीतील तीन आकड्यांपैकी दोनपुढे रकमा लिहिल्या, तिसऱ्यापुढची जागा तशीच सोडली आणि मुलीला विचारले की बँकेत सहकर्जदाराला कोणकोणती कागदपत्रे लागतात.

दादी लोटा धुऊन आणण्यासाठी उठली होती. सूर्य मावळण्यास अजून पाऊण तास होता.